मिक्सरच्या आवाजाआड

अकरावीत देवश्रीने इंग्रजी साहित्य हा जास्तीचा विषय घेतला, तेव्हा घरात कोणालाच नवल वाटलं नाही. रायपुरातल्या तेलीबांध्याच्या तिच्या शाळेत दहावीपर्यंत निबंधाचं बक्षीस ठरल्यासारखं तिलाच मिळायचं. तिच्या निबंधात सूर्य सोनेरी किरणं पसरत उगवायचा, शेवटी कुणा थोरामोठ्याचं वचन यायचं, आणि विषय कुठलाही असो, देश पुढे जायचा. तिचे बाबा शरच्चंद्र ठोंबरे रेल्वेच्या ऑफिसात होते. निबंधाचा मोबाइलवर काढलेला फोटो ते ऑफिसात सगळ्यांना दाखवायचे. "पोट्टी इंग्लिशमधी एक नंबर आहे," म्हणायचे.

या विषयाला वर्गात जेमतेम आठ-नऊ मुलं होती. शिकवायला शर्मिष्ठा मिस होत्या, त्या वर्षी शाळेत नव्याने आलेल्या. बारीक, हळू बोलणाऱ्या, आणि कौतुकाच्या बाबतीत कंजूष. त्यांनी पहिला निबंध दिला 'माझं शहर'. देवश्रीने रायपूरच्या रुंद रस्त्यांवर, नव्या इमारतींवर, तळ्यातल्या कारंज्यावर दोन पानं भरून लिहिलं. परत आलेल्या कागदावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पेन्सिलची रेघ मारलेली होती. मधलं एकच वाक्य तेवढं सोडलं होतं. आमच्या गल्लीत एका अर्धवट बांधलेल्या घरासमोर वाळूचा ढीग आहे आणि त्यावर कुत्री झोपतात, असं ते वाक्य होतं. खाली वीसपैकी पाच.

तास संपल्यावर देवश्री मिसच्या टेबलापाशी गेली. "मिस, बाकीचं चुकलंय का?"

"चुकलेलं नाही. पण ते कोणीही लिहिलं असतं. हे एक वाक्य तू स्वतः पाहून लिहिलंयस."

देवश्री बाथरूममध्ये जाऊन रडली. घरी तिने काही सांगितलं नाही. तसंही त्या दिवसांत घरात तिच्या मार्कांकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

तिची मोठी बहीण चेतना अकोल्याहून परत आली होती. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. एक बॅग आणि लग्नात बाबांनी दिलेला मिक्सर, एवढंच घेऊन ती एका दुपारी स्टेशनवरून रिक्षा करून गुढियारीच्या घरी आली. बॅग देवश्रीच्या खोलीत ठेवली, मिक्सर स्वयंपाकघरात. आईने, अर्चनाबाईंनी, शेजारीपाजारी सांगून टाकलं की चेतना बी.एड.च्या परीक्षेसाठी आली आहे. परीक्षा कधी आहे, हे मात्र कोणी विचारलं की आई विषय बदलायची.

इकडे शाळेत देवश्रीचे निबंध पाच, सहा, पुन्हा पाच असे परत येत होते. मिस म्हणाल्या, "ज्या खोलीत कोणीतरी गप्प बसलंय, अशी एक खोली लिहा." देवश्रीने पहिल्यांदाच घरचं स्वयंपाकघर लिहिलं. आई पोळ्या लाटते आहे, ताई ओट्याला टेकून उभी आहे, कोणी बोलत नाही. मग मात्र तिला राहवलं नाही. आईच्या तोंडी तिने एक भारदस्त इंग्रजी वाक्य घातलं. समाज आपल्याला कधीही क्षमा करणार नाही, अशा अर्थाचं.

मिसनी ते वाक्य वर्गात वाचलं आणि विचारलं, "तुझी आई असं बोलते?"

सगळे हसले. देवश्रीने आईच्या आवाजात ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि तिलाही हसू आलं.

"पण मिस, ती जे बोलते ते इंग्लिशमध्ये येतच नाही. ती 'काहून' म्हणते. त्याला काय लिहू?"

"शब्द नाही आला तर सोडून दे. तो म्हणताना ती हातांनी काय करत होती, ते लिही."

त्या निबंधाला बारा मिळाले. आणि त्या दिवसापासून देवश्री घरात कान देऊन ऐकायला लागली.

आई आणि ताईचं एके दिवशी जोरात वाजलं. आई कोथिंबीर निवडत होती. "भाजीवाल्यापाशी उभं राहवत नाही मले. समोरची विचारते, चेतना दिसते आजकाल. काय सांगू मी तिले?"

"जे आहे ते सांग. म्हण, मीच निघून आली."

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"मग खिडकी लाव ना! माझं तोंड काहून लावून राहिली?"

आईने कोथिंबिरीच्या काड्या बाजूला सारल्या. मग सारलेल्या काड्या पुन्हा निवडायला घेतल्या. दारात उभ्या असलेल्या देवश्रीच्या मनात आलं, हे लक्षात ठेवायला हवं. काड्या पुन्हा निवडल्या, हे. दुसऱ्याच क्षणी तिला कसंतरी झालं. ताईचा चेहरा रागाने थरथरत होता आणि आपण काड्या बघत होतो. पण विसरायचं म्हटल्यावरही ते विसरलं गेलं नाही.

एका शनिवारी संध्याकाळी चेतना फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं. लगेच मिक्सर सुरू झाला. थांबला, पुन्हा सुरू झाला. असं बराच वेळ चाललं. आई देवापाशी बसली होती. ती एकदा मान वळवून म्हणाली, "काय वाटून राहिली एवढं?" मग पुन्हा पोथीत बघायला लागली. थोड्या वेळाने ताई बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. पाणी प्यायला म्हणून देवश्री आत गेली, तर मिक्सरचं भांडं कोरडं ठणठणीत होतं.

रविवारची पूर्ण दुपार तिने लिहिण्यात घालवली. नवऱ्याशी फोनवर बोलताना हुंदके बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून रिकामा मिक्सर चालवणारी एक मुलगी. कोणाचंही नाव नाही. सोनेरी किरणं नाहीत, शेवटी वचन नाही. लिहिताना तिचे हात गार पडले होते आणि तिला, खोटं कशाला सांगायचं, फार आनंद होत होता.

मिसनी अठरा मार्क दिले. निबंध वर्गात वाचून दाखवला. लेखिकेचं नाव त्यांनी सांगितलं नाही, पण देवश्रीचे कान तापून लाल झाले होते आणि मुलं काही आंधळी नव्हती. तास संपल्यावर मिस म्हणाल्या, "राज्यभरातल्या शाळांची एक स्पर्धा आहे. हा पाठवू या." बसमधून घरी येताना देवश्रीला सगळं गुढियारी चकचकीत दिसत होतं.

त्याच वर्गात राधा साहू होती. ती देवश्रीच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची. राधाच्या मनात वाईट काही नव्हतं. ऐकताना तिच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं, इतकंच.

दोन-तीन दिवसांनी राधाची आई कढीचं पातेलं घेऊन वर आली. बाबा टीव्ही बघत होते. अर्चनाबाईंनी पातेलं घेतलं, "बसा ना भाभी," म्हटलं. पण त्या बसल्या नाहीत. त्या सरळ चेतनाकडे गेल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"बेटा, अकेले में मत रोया करो. हम लोग हैं ना."

चेतना गोंधळली. "कौन रोता है आंटी?"

"अब हमसे क्या छुपाना? देवश्री ने स्कूल में लिखा है ना, वो मिक्सर वाला. राधा बता रही थी. सुनके मेरा तो दिल भर आया."

टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. त्या माऊलीने चेतनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती गेली. दार लावून आई वळली.

"काय लिहिलं तू?"

"नाव नव्हतं लिहिलं, आई."

"बिल्डिंगमधी कोणाकोणाची पोट्टी अकोल्याहून मिक्सर घेऊन आली, सांग मले!"

बाबांनी टीव्ही बंद केला. ते ओरडले नाहीत. "घरातलं होतं हे," एवढंच म्हणाले आणि चपला घालून खाली गेले. या वेळी निबंधाचा फोटो काढला नाही त्यांनी. देवश्रीला ते सगळ्यात जास्त लागलं.

चेतनाने हात पुढे केला. "दाखव."

तिने उभ्याउभ्याच वाचलं. तिचं इंग्रजी बेताचं होतं, त्यामुळे वेळ लागला. एका ठिकाणी थांबून तिने शब्दाचा अर्थ विचारला. देवश्रीने सांगितला, हुंदका. चेतनाने शेवटपर्यंत वाचलं आणि कागद पलंगावर ठेवला.

"मी रडून नव्हती राहिली."

"डोळे लाल होते तुझे."

"रागानं होतात लाल. मी शिव्या देऊन राहिली होती त्याले. अशा शिव्या की आईनं ऐकल्या असत्या तर पोथी टाकून पळाली असती. म्हणून लावला मिक्सर." ती हसेल असं देवश्रीला वाटलं, पण ती हसली नाही. "लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याले तोंडावर बोलली. पहिल्यांदा! आन तू मले त्यात रडवलं."

"ताई, मले वाटलं..."

"तिथं पण सगळे मले बिचारीच म्हणत. सासू म्हणे, नणंद म्हणे. इथं आली तर तू पण तेच केलं. आता खालची आंटी डोक्यावरून हात फिरवते."

"तुले विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

"नाही."

"मग?"

"मग नव्हतं लिहायचं," चेतना म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दोघींची खोली एकच होती, त्यामुळे देवश्रीला तिथेच, त्या पाठीकडे बघत बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती मिसना म्हणाली, "तो निबंध स्पर्धेला पाठवू नका."

मिसनी कारण विचारलं. तिने राधाच्या आईपर्यंत सगळं सांगितलं. मिस थोडा वेळ पेनाचं टोपण उघडझाक करत राहिल्या. "वर्गात वाचण्याआधी मी तुला विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पण लेख चांगला आहे. शहर बदल. मिक्सरच्या जागी दुसरं काही टाक. कोणाला कळणार नाही."

ते ऐकून देवश्रीला क्षणभर मोह झाला. बक्षीस, मंच, बाबांचा मोबाइल, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग ती म्हणाली, "मिस, ती रडत नव्हती. ते चुकीचंच आहे."

"मग बरोबर करून लिही."

"बरोबर आहे ते तिचं आहे. ती नाही म्हणते."

मिस नाराज झाल्या आणि त्यांनी नाराजी लपवली नाही. "असं प्रत्येकाला विचारत बसलीस तर काहीच लिहिणार नाहीस," म्हणाल्या. देवश्रीने कागद परत घेतला.

मग खरंच बरेच दिवस तिच्याकडून काही लिहिलं गेलं नाही. तास असायचा, विषय फळ्यावर असायचा, आणि तिच्या कागदावर जुनी सोनेरी किरणं उगवायला लागायची. ती खोडायची. पुन्हा सहा, पुन्हा सात. राधा बसमध्ये शेजारी येऊन बसली आणि "सॉरी यार, मुझे पता नहीं था" म्हणाली, तेव्हा देवश्रीने फक्त मान हलवली. राधाचा दोष काय होता, तेही तिला सांगता येत नव्हतं.

सत्र संपता संपता शेवटचा मोठा लेख द्यायचा होता. या वेळी तिने स्वतःला लिहिलं. बंद दाराबाहेर उभी राहून आतलं ऐकणारी एक मुलगी. आत बहीण रडते आहे, असं ती मनाशी ठरवून टाकते. तशी ती लिहिते, त्याचे तिला मार्क मिळतात. आणि मग कळतं की आत रडणं नव्हतंच. आत काय होतं, ते लेखात कुठेच नव्हतं. बाबा चपला घालून खाली गेले, ते होतं. हात गार पडले असताना आनंद झाला, तेही होतं. ते वाक्य लिहायला तिला सगळ्यात जड गेलं.

लेख देण्याआधी तिने तो चेतनाच्या उशीशी ठेवला. "वाच. नाही म्हटलं तर नाही देणार."

चेतनाने दुसऱ्या दिवशी तो परत दिला. एका वाक्यावर तिने काट मारली होती. आईशी भांडताना तिचा चेहरा कसा थरथरत होता, त्याचं वाक्य. पूर्ण लेखात ते सगळ्यात चांगलं उतरलंय, असं देवश्रीला वाटत होतं.

"हे नको," चेतना म्हणाली. "बाकी दे."

"हव," म्हणत देवश्रीने मान डोलावली.

सोळा मार्क मिळाले. मधल्या एका परिच्छेदाशेजारी मिसनी लिहिलं होतं, 'इथे काहीतरी सुटलंय.' देवश्रीने ते वाचलं आणि विचारायला गेली नाही.

घर लगेच काही पूर्ववत झालं नाही. चेतनाने तेलीबांध्याकडच्या एका ऑफिसात रिसेप्शनची नोकरी धरली. सकाळी ती आणि देवश्री एकाच वेळी खाली उतरत, आणि राधाची आई जिन्यात भेटली की चेतना मुद्दाम मोठ्याने "नमस्ते आंटी!" म्हणायची. बाबा जेवताना शाळेचं विचारायला लागले होते, पण इंग्रजीचं नाही.

आई मात्र तिच्यासमोर जपूनच बोलायची. एकदा देवश्री शाळेतून आली तेव्हा आई वर्ध्याच्या मावशीशी फोनवर बोलत होती. "आता कोर्टाची तारीख पडली आहे म्हणते, वकील म्हणे की..." तिचं लक्ष देवश्रीकडे गेलं. ती बोलायची थांबली, फोन कानाला तसाच धरून बाल्कनीत गेली आणि मागे दार ओढून घेतलं.

काचेतून आईचा हात दिसत होता, मोकळ्या हाताने ती कठड्यावरचे वाळलेले कपडे चाचपून बघत होती. देवश्रीने दप्तर ठेवलं, आणि तिकडे पाठ करून ती हातपाय धुवायला गेली.