कृपया फोन ठेवू नका

"ताई, अजून थोडी आपुलकी घाला," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

आपुलकी म्हणजे काय साखर आहे, चमच्याने घालायला? पण पोटासाठी तिने घातली. "कृपया फोन ठेवू नका. आपण आमच्यासाठी मोलाचे आहात." सकाळपासून तिने हे इतक्यांदा म्हटलं होतं की आता मोलाचे म्हणजे काय, हेच तिला कळेना.

बँकेत, दवाखान्यात, लिफ्टमध्ये, जिथे जावं तिथे हिचाच आवाज. घरात मात्र त्याला काडीची किंमत नाही. जेवायला हाका मारून घसा बसायची वेळ येई, तरी कानात इअरफोनची बोंडं खुपसून बसलेले नवरा आणि मुलगी ढिम्म. परवा लिफ्टमध्ये तिचाच आवाज म्हणाला, "दारापासून दूर राहा," तर नवरा निमूट मागे सरकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस तिच्या सांगण्यावरून तसूभर हलला नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात आज गॅस कंपनीच्या साहेबांचा फोन; त्यांच्या तक्रारीच्या नंबरावरही हिचाच आवाज. "तुमच्या आईंची रोज तक्रार येते. आमचा माणूस दोनदा जाऊन आला, शेगडी ठणठणीत आहे. जरा समजवा त्यांना, नाहीतर त्यांचा नंबर बंद करावा लागेल."

रोज? आईला झालं तरी काय? एकटी राहते, उद्या खरंच गॅस गळला तर आईवर विश्वास कोण ठेवणार? तिने टॅक्सीत बसूनच आईला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. मग साहेबांनाच गाठावं म्हणून कंपनीचा नंबर फिरवला.

"नमस्कार! आपण आमच्यासाठी..."

"गप्प बस गं सटवे!" ती किंचाळली. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं आणि गाडी जरा जोरात हाणली.

आईच्या घराची किल्ली तिच्याकडे असायचीच. दार उघडलं तर स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज. आई पाठमोरी बसून मटार सोलत होती. टेबलावर फोन, आणि फोनमधून ही.

"आई!"

आईने मागे न बघताच बोट वर केलं. "शू! लेक बोलतेय माझी."

मग दचकून वळली. शेंग हातातच राहिली.

"हे काय चाललंय?" तिचा आवाज चढला. "लोकांना कामधंदे नाहीत का? शेगडी चांगली आहे ना तुझी?"

"चांगली आहे की."

"मग? बोलायचंच होतं तर मला लावायचास!"

"तुला लावते ना. तू म्हणतेस, आई, कामात आहे, ठेवते." आईने शेंगेतले दाणे पातेल्यात पाडले. "इथे म्हणतेस, कृपया फोन ठेवू नका. किती गोड म्हणतेस गं. मग मधेच तो माणूस येतो, काय तक्रार म्हणून विचारतो. काहीतरी सांगावं लागतं ना, म्हणून शेगडी."

घरी आपलं कोणी ऐकत नाही म्हणून जिने आजवर दात खाल्ले होते, तिला आता कुठे तोंड लपवावं कळेना. रागवावं म्हटलं, पण रागवायचं कुणावर? फोनमधली ती सटवी अजून आपुलकीने बोलतच होती.

"तेच आता म्हण की तोंडाने," आई म्हणाली. "एकदाच."

तिने तोंड उघडलं. काचेमागे जे वाक्य सटासट निघायचं, ते इथे निघेना.

तेवढ्यात फोनमधला आवाज थांबला आणि खरा माणूस बोलला. "नमस्कार, काय तक्रार आहे आपली?"

आईने लेकीच्या खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं. ती अजून खाली ठेवलेली नव्हती.

"तक्रार आहे हो," आई म्हणाली, "पण तुमच्या खात्यातली नाही."