शिवरामची जखम भरेना

“हात सरळ धर. पळून नाही जात मी तो घेऊन,” द्रौपदी सिस्टर म्हणाली आणि शिवरामच्या तळहातावरची पट्टी तिने शेवटच्या वेढ्यापर्यंत सोडवली. आतलं बघून तिच्या भुवया वर गेल्या. मागच्या शनिवारी ही जखम गुलाबी झाली होती, कडा जवळ आल्या होत्या. आज ती पुन्हा आ वासून बसलेली. कडेला पाण्याचे फोड, आणि फोडांभोवती काळपट डाग.

“हे काय रे?”

“काय म्हाईत, सिस्टर. खाजतंय लय.”

“खाजवलंस?”

“आईची शपथ, मी हात नाय लावला.”

अंबरनाथच्या विमा दवाखान्यात ड्रेसिंगच्या टेबलाशी उभं राहूनच द्रौपदीचे केस पिकायला लागले होते. कामगाराला दुखापत झाली की बरा होईपर्यंत त्याला विम्याचे पैसे मिळत. बरा झाला की डॉक्टर ‘फिट’ लिहीत आणि स्वारी पुन्हा कामावर. त्यामुळे काही महाभाग बरे व्हायलाच तयार नसत. कुणी जखमेला चुना चोळी, कुणी थर्मामीटर चहात बुडवी. एकाने तर पाय सुजावा म्हणून घोट्याला सुतळी आवळली होती, आणि तपासणीच्या वेळी ती सोडायलाच विसरला!

हा काळा डागही तिच्या ओळखीचा होता. बिब्बा. गावाकडे टाचेच्या भेगांना सुईवर बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात. तेच नाजूक कातडीला लागलं की फोड उठतात आणि बरी होत आलेली जखम नव्याने चिघळते.

दुसरी कुणी असती तर चिडली असती. द्रौपदीला रागाच्या आधी कुतूहल यायचं, ही तिची जन्माची खोड. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये ती राहायची, तिथल्या शेजारणी म्हणत, कुणाकडे काय शिजलंय हे कळेपर्यंत या बाईला स्वतःचा घास गोड लागत नाही. आता तिला एकच कोडं पडलं. पत्र्याची झाकणं दाबणाऱ्या प्रेसखाली शिवरामची दोन बोटं गेली होती, तळहात फाटला होता, आणि तरी हा पोरगा दर शनिवारी विचारायचा, “सिस्टर, कामावर कवा जाईन?” असा माणूस स्वतःच्या हाताला बिब्बा कशाला लावेल?

पट्टी बांधून तिने त्याला बाहेर बसवलं आणि डॉक्टर हिंगोरानींना गाठलं.

“मालूम आहे मला,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “मागच्या महिन्यात पण एकदा बघितला तो डाग.”

“आणि गप्प बसलात?”

“तो क्या करू? मालकाने मशीनचा गार्ड, वो हात वाचवणारी जाळी, काढून ठेवला, त्याला कोणी विचारलं? ये बेचारा थोडे दिवस जास्त खातोय तर खाऊ दे ना, सिस्टर.”

“खाऊ दे काय? ते पैसे काय आभाळातून पडतात? बाकीच्यांच्या पगारातून कापून येतात.”

“थोडी दया पण पाहिजे की नाही?”

“दया तुमची आणि सडणार हात त्याचा!” द्रौपदीचा आवाज चढला. “उद्या भरपाई ठरवणाऱ्या बोर्डापुढे कुणा कडक डॉक्टरने तो डाग ओळखला, तर गेलेल्या बोटांचा हक्कसुद्धा बुडेल. मग त्याच्या खऱ्या दुखण्यालाही कुणी खरं म्हणणार नाही.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “मग चोर लिहू त्याला?”

तिचे वडील म्हणायचे, पोरी, फुकटचं खाऊ नये आणि हक्काचं सोडू नये. त्या दोन्हींच्या मधे पाय अडकला तर काय करायचं, ते मात्र सांगायच्या आत गेले.

“पुढच्या शनिवारपर्यंत काहीच लिहू नका,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. बदलापूरला उतरून ती चालत कात्रपला निघाली. तेव्हाचं कात्रप म्हणजे निम्मं शेत आणि निम्म्या विटा. भातखाचरांच्या बांधाला इमारतींचे पाये टेकायला लागले होते. वालाच्या शेंगा घ्यायला आले, असं सांगायचं तिने ठरवलं होतं. कॅम्प पाचचा बाजार सोडून शेंगांसाठी कात्रप! हे निमित्त तिचं तिलाच पटेना.

शिवरामची आई कौसाबाई अंगणात शेंगाच निवडत बसली होती. “या, या, सिस्टर! पोरगा पानी आनाला गेलाय,” म्हणत तिने द्रौपदीला आत नेलं, चुलीवर चहा ठेवला. द्रौपदीची नजर घरभर फिरली. चुलीमागच्या फळीवर एक वाटी होती, वाटीत काळं तेल आणि सुई.

“टाचांना लावता?” तिने सहज विचारलं.

कौसाबाईने आधी स्वतःच्या टाचांकडे पाहिलं, मग द्रौपदीकडे. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं सुचायला वेळ लागतो. तेवढ्यात द्रौपदी काय ते समजली.

“तुम्ही लावता होय त्याला?”

“वैदूचा तेल हाय, असा सांगतंय त्याला. झोपताना लावतंय.”

“कशासाठी, मावशी? विम्याच्या पैशांसाठी?”

“पैशांना काय आग लावाचीय?” म्हातारी फणकारली. “शेंगा इकून पोट भरतील आमची. त्या मशिनीन दोन बोटां खाल्ली माझ्या पोराची. तिला आता चव लागली. मी पुन्हा त्याला तिच्या तोंडात धाडू? जखम हाय तवर पोरगा माझ्या डोल्यांसमोर हाय.” आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुझा लेक असता तं तू काय केला असतास, सांग मना.”

चहा उतू गेला. कुणीच उठलं नाही.

“हात सडला ना, तर मशीन राहिली बाजूला, भाकरीसुद्धा धरता येणार नाही त्याला,” द्रौपदी शेवटी म्हणाली.

“लय नाय लावत मी,” कौसाबाई घाईने म्हणाली. “थेंबभरच.”

पायरीवर हंडा वाजला. कौसाबाईने वाटी फडक्याखाली झाकली.

परत निघताना शिवराम तिला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. शेंगांची पिशवी त्याने धडधाकट हातात धरली होती. जरा लांब आल्यावर ती थांबली. “आई तुझ्या हाताला काय लावते, ठाऊक आहे तुला?”

त्याने मान खाली घातली. “ठावं हाय.”

“काय?”

“बिब्ब्याचा वास कुनाला कलत नाय, सिस्टर? पयल्याच रातीला कलला. डोले मिटून पडून ऱ्हायलो.”

द्रौपदी बघतच राहिली. “मग दर शनिवारी कामावर कवा जाईन, कामावर कवा जाईन, हे कशाला?”

“तुमी नाय म्हनावं म्हनून. ती मशीन सपनात येते. घाम फुटतो नुसता. मी सवता लावला असता तं चोर झालो असतो. आई लावते, तवर मी चोर नाय.”

“वा रे वा! मग चोर कोण? ती म्हातारी?”

शिवरामचं तोंड कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. द्रौपदीलाही आपण फार बोललो असं वाटलं. पण बोललेलं गिळता येत नाही.

“भीती वाटणं ही चोरी नाही, बाबा,” ती जरा मऊ होऊन म्हणाली. “भीती वाटते तर डॉक्टरांना सांग, की भीती वाटते. दुसरं काम माग. गार्ड लावल्याशिवाय बसणार नाही म्हणून सांग. पण आईच्या हातून स्वतःचा हात जाळून घेऊ नकोस. उद्या काही झालं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल.”

तो पिशवी तिच्या हातात देऊन मागे फिरला.

शनिवारी पट्टी सोडली तेव्हा जखम कोरडी होती. शिवराम स्वतःच उठून डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि बराच वेळ आत होता. आणखी दोन शनिवारांनी जखम पुरती भरली तेव्हा डॉक्टरांनी ‘फिट’ लिहिलं, खाली ‘हलकं काम द्यावं’ असंही लिहिलं.

मालकाने ती चिठ्ठी वाचून विचारलं म्हणे, “हलकं काम? इथे काय फुलं वेचायची आहेत?” पण शिवराम गार्डशिवाय प्रेसवर बसेना. अर्धा दिवस मशीनजवळ नुसता उभा राहिला. अखेर मालकाने तोंड वाकडं करून कुठूनसा गार्ड शोधून आणला. सैलच होता, पण होता.

चार-आठ दिवसांनी दवाखान्याच्या दुपारच्या सुट्टीत द्रौपदी त्या कारखान्यावरून गेली. रस्ता तिचा नव्हता, मुद्दाम वाकडी वाट केली होती. फाटकासमोर करंजाच्या सावलीत कौसाबाई बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. आतून प्रेसचा धप्प, धप्प आवाज येत होता.

“मावशी, इथे? तो डबा नाही नेत?”

“नेतो की.”

“मग?”

“गप. आयक,” कौसाबाई म्हणाली. “चालतंय तवर बरा हाय. थांबली का माझा जीव उडतो.”

द्रौपदी तिच्याशेजारी बसली. आपण पोराचा हात वाचवला, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हातारीचं काय केलं, ते तिला सांगता आलं नसतं.

एकाएकी धप्प बंद झालं. कौसाबाई ताडकन उभी राहिली, भाकरी मातीत पडली. द्रौपदीही उठली. मग जेवणाचा भोंगा वाजला. फाटक उघडून माणसं बाहेर यायला लागली, हसत, बिड्या पेटवत. त्यांच्यात शिवराम दिसला.

“आये, पुन्हा आलीस? लोक हसतात मला.”

“हसू दे,” कौसाबाई म्हणाली. तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग कुठे मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं.