पानावर उरलेले पाय

मूल गावातल्या आमच्या वाचनालयात बालमासिकांचे चाळीस वर्षांचे अंक आहेत. कुणी हात लावत नाही, म्हणूनच टिकलेत. यंदा मी शाळेतली पोरं बोलावली आणि सांगितलं, "गोष्टी नंतर वाचा. आधी, तुमच्याआधी हा अंक ज्यानं वाचला त्याच्या खुणा शोधा आणि त्याला उत्तर लिहा." पोरं तुटून पडली. राजाला काढलेल्या मिशा, कोड्यांची चुकलेली उत्तरं, एका पानावर 'गणिताचे सर लई मारतात'. त्याखाली आमच्या हेमराजनं लिहिलं, 'आमचे पण.'

तिसऱ्या दिवशी मन्सूरभाऊ आले. जुन्या अंकांचं बाइंडिंग त्यांच्याच हातचं. त्यांची शिरीन नऊ वर्षांची असताना तापानं गेली, त्याला सव्वीस वर्षं झाली. तिच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. दुकानात बाइंडिंगला आलेले अंक ती आधी वाचायची आणि पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत चित्रं काढायची.

"तिचं एखांदं सापडलं तर मले दाखवजा, बाई. तिच्या हातचं घरात काईच नाई."

मला त्यांचा रागच आला. वाचनालय दुकानापासून दोन गल्ल्यांवर, आणि हा माणूस आत्ता येतो. पण पोरांना घेऊन मी त्या वर्षाचा खंड काढला. इतर अंक चितारलेले, हा मात्र स्वच्छ. बाइंडर शिवण झाल्यावर तिन्ही कडा मशीनवर कापून सरळ करतो. मन्सूरभाऊंच्या कडांची तर गावात तारीफ व्हायची.

"बाई, इथी पाय हायेत," रीता म्हणाली.

पहिल्या ओळीवर निळ्या शाईचे दोन बारीक पाय उभे होते. वरचं सगळं कापलं गेलेलं. पुढच्या पानावरही पाय. अशी अकरा पानं निघाली.

पोरांना कुणी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या घेतल्या आणि त्या पायांवर बसेल ते काढलं. कुणी बगळा, कुणी कोंबडी, इसरू नावाच्या पोरानं तर फ्रॉकातली मुलगी काढली. रीतानं सगळ्या चिठ्ठ्या मन्सूरभाऊंसमोर मांडल्या.

"चाचा, यातलं खरं कोणतं?"

ते एकेक चिठ्ठी उचलून बघत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "मी पायलंच नाई, बेटा. ग्राहकाचा अंक खराब केला म्हणून तिले रागावलो. आन् कापताना कागद सरळ हाय का, तेवढंच पायलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांनी घरून खळ आणली आणि अकराही चिठ्ठ्या आपल्या हातानं त्या त्या पायांवर चिकटवल्या. सगळ्या वर बोटभर बाहेर आल्या. खंड कपाटात बसेना.

"कडेला घडी मारू का?" मी विचारलं.

"नको, बाई," ते म्हणाले. "आडवा ठेवजा."