व्हासांच्या थडग्यातली जागा

माझी बायको नेट्टा सोमवारी पहाटे गेली. मंगळवारी मी कबरस्तानाच्या कार्यालयात गेलो. तिथला कारकून फार्कर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वॉल्टर, अडचण आहे. डोलिनाबाई येऊन गेल्या."

नेट्टाला तिच्या किर्स्टी आजीपाशी जायचं होतं. आई लवकर गेली, म्हणून आजीनंच तिला वाढवलं. समुद्राकडच्या जुन्या चर्चच्या आवारात व्हास घराण्याची जागा आहे. आजी तिथे आहे, आणि आता तिथे एकाच शवपेटीपुरती जागा उरली आहे. शेवटच्या आठवड्यांत नेट्टा म्हणाली, "तू रागावणार नाहीस ना? मग तू एकटा पडशील."

"बरंच आहे की. घोरलो तर कोपरानं ढोसायला कुणी नाही," मी म्हणालो. ती हसली. मी तिला शब्द दिला.

जागेचा कागद डोलिनाबाई व्हासांकडे होता. ऐंशीच्या घरातल्या, बिनलग्नाच्या, नेट्टाच्या लांबच्या बहीण. त्या फार्करला म्हणाल्या होत्या, "किर्स्टीला माझ्या बापानं दया म्हणून जागा दिली. तिचं आमचं रक्ताचं काही नाही. राहिलेली जागा माझी."

"मग आता?" मी विचारलं.

"जागा घेणारा अलेक्झांडर व्हास. दीडशे वर्षांपूर्वीचा. नेट्टा त्याच्या वंशातली आहे असं दाखव. मग जो आधी गेला त्याची जागा. गुरुवारी पाचला मी कुलूप लावतो, वॉल्टर. त्याआधी कुठे खणायचं ते मला खड्डेवाल्यांना सांगावंच लागेल. नाही दाखवलंस तर वरचं नवं कबरस्तान, हमरस्त्याजवळचं."

नेट्टाच्या आजीची आजी जीन व्हास. तिथपर्यंतचे सरकारी दाखले नेट्टानंच कधीतरी जमवून बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते. पण जीनचा बाप कोण? सरकारी दाखल्यांच्या आधीचं सगळं चर्चच्या पुस्तकांत. बुधवारी पहिल्या गाडीनं मी इन्व्हरनेसच्या ग्रंथालयात गेलो. तिथे त्या पुस्तकांच्या फिल्मची रिळं आहेत.

मिसेस मुडी नावाच्या बाईंनी मला यंत्रापुढे बसवलं. "चाक हळू फिरवा, मिस्टर गेडीज. तो रंधा नाही."

"मी सुतार आहे हे कसं कळलं?"

"बोटं मोजली. एक कमी आहे."

जीन तासाभरात सापडली. 'अलेक्झांडर व्हास, मच्छीमार, आणि एल्स्पेट स्किनर यांची मुलगी जीन.' मी उठून उभाच राहिलो. मिसेस मुडींनी नक्कल काढून दिली, पण हातातून सोडेनात.

"कापडाचा हिशेब बघितलात?"

पेटीवर घालायचं काळं मखमली कापड तेव्हा चर्चकडून भाड्यानं मिळे. मेलेल्यांची वेगळी नोंद नसे, असे ती कापडाच्या भाड्याची. मी ते रीळ लावलं. दीड वर्षानंतरची ओळ होती: 'अलेक्झांडर व्हासच्या लहान जीनसाठी, छोटं कापड.'

माझी जीन दोन वर्षांचीही झाली नव्हती. ती कुणाची आजी होणार?

"घाबरू नका. आईच्या आईचं नाव चालवायचंच असे. एक गेली की पुढच्या मुलीला तेच नाव. दुसरी जीन शोधा," मिसेस मुडी म्हणाल्या.

ग्रंथालय बंद होईपर्यंत शोधली. गुरुवारी पुन्हा शोधली. अलेक्झांडरचे मुलगे सापडले, दुसऱ्या जीनचा पत्ता नाही. दुपार झाली. पहिल्या जीनची नक्कल खिशात होती. फार्कर कापडाचे हिशेब बघणार नव्हता. एवढीच नक्कल त्याच्या टेबलावर ठेवली तर काम झालं असतं. मी कोटही चढवला.

मग पुन्हा बसलो. नेट्टाला खोट्या कागदावर तिथे ठेवायचं मला जमेना. त्याच त्या पानांवरून नुसतं बोट फिरवत राहिलो. आणि बोट अडखळलं. आमच्या गावात जुलै-ऑगस्टमध्ये एकाही मुलाचा बाप्तिस्मा नव्हता. मागची वर्षं पाहिली, पुढची पाहिली. दर उन्हाळा कोरा.

"उन्हाळ्यात पोरं जन्मत नव्हती का इथे?" मी ओरडलोच. दोनचार जणांनी माना वळवल्या.

मिसेस मुडी वाकून बघायला लागल्या. "गाव कुणाचं आहे?"

"मच्छीमारांचं."

"आणि हेरिंग माशांचा हंगाम कधी?"

मी शेतीच्या गावातला माणूस. माझ्या डोक्यात हे आलंच नसतं, पण नेट्टाची आजी सांगायची ते आठवलं. उन्हाळ्यात घरांना कुलपं. पुरुष होड्यांवर, बायका मासे साफ करायला, पोटुशा बायकासुद्धा. सगळं गाव परक्या बंदरात.

"त्या काळी आमच्याकडचे कुठे जात?"

"हेल्म्सडेल, बहुतेक."

हेल्म्सडेलचं रीळ त्यांनीच चढवलं. पाचच्या आत पोचवणारी शेवटची गाडी सुटायला थोडाच वेळ होता. ऑगस्टची पानं. अक्षर घाणेरडं, शाई फुटलेली. मिसेस मुडींनीच वाचलं: 'जीन. बाप अलेक्झांडर व्हास, आई एल्स्पेट स्किनर. दक्षिणेकडच्या गावातले, हेरिंगसाठी इथे आलेले.' छोट्या कापडानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली.

"पळा," नक्कल हातात देत त्या म्हणाल्या.

कार्यालयात पोचलो तेव्हा फार्कर किल्ल्या हातात घेऊन उभा होता, आणि खुर्चीवर डोलिनाबाई, टोपी घालून, ताठ. माझ्या तोंडाकडे बघून त्याच आधी बोलल्या.

"हेल्म्सडेलचं सापडलं वाटतं."

मी नकला टेबलावर ठेवल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या बापालाही माहीत होतं."

"मग दया कसली?"

"बाप तसंच म्हणायचा. खरं काय ते मला कुणी विचारलं नाही. आणि नांगरवाल्याला बंदर सुचेल असं वाटलं नव्हतं." त्यांनी नकला घेतल्या, चष्मा न लावताच परत दिल्या. "माझी आई आहे रे तिथे. मी कुठे जाऊ?"

नव्या कबरस्तानात मी दोघांची जागा घेऊन ठेवली होती, त्यातली नेट्टाची त्यांना देऊ केली.

"तुझ्याशेजारी? गाव काय म्हणेल!"

"आपण मेल्यावर म्हणेल. म्हणू दे."

फार्कर खोकला. त्यांनी हातमोजे घट्ट ओढले. मग म्हणाल्या, "लिही, फार्कर. नेट्टा व्हासांचीच."

शुक्रवारी वारा सुटला होता. आमच्याकडे पेटी घरच्यांनी दोऱ्यांनी खाली सोडायची असते. डोक्याकडची दोरी सगळ्यांत जवळच्याची. मी ती धरायला वाकलो तर डोलिनाबाई पुढे आल्या.

"ती रक्ताच्या माणसाची," त्या म्हणाल्या.

"डोलिनाबाई, एवढी नका मागू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि वळसा घालून पायांकडे गेल्या. तिथल्या माणसाला बाजूला सारून त्यांनी दोरी मनगटाला गुंडाळली.

"हळू सोड, सुतारा," त्या म्हणाल्या. "खाली किर्स्टी आहे."

मी हळू सोडली.