लीलाबाईंची बाजू

लोणावळ्याच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत लीलाबाई आणि सोपानभाऊ या नवरा-बायकोचा वाद सगळ्यांना पाठ होता. मी तिथे दर रविवारी पेटी वाजवते. उपासना संपली की चर्चच्या अंगणात चहा होतो आणि चहाबरोबर तो वाद. लीलाबाई नर्स होत्या, तळेगावात बाळंतपणं करून निवृत्त झालेल्या. सोपानभाऊ रेल्वेत गार्ड होते. वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा: माणूस तरतो, त्याचं तारण होतं, ते कुणाच्या बळावर?

सोपानभाऊंचं म्हणणं असं, की देव कृपा सगळ्यांना देऊ करतो, पण ती घ्यायची की नाही हे माणसावर आहे. आणि घेतली तर शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवायची. हात सैल पडला की गेली.

"अहो, मी इतकी बाळं या हातांनी काढली," लीलाबाई म्हणायच्या. "जन्माला यायला बाळ काय करतं? काही नाही. देवाच्या घरात माणूस येतो तोही तसाच."

"पण रडावं तरी लागतं ना? रडलं नाही तर तूच घाबरतेस."

"घाबरते आणि पाठीवर चापट देते. मग रडतं. म्हणजे ते रडणंही माझ्या चापटीचंच झालं."

सगळे हसायचे, सोपानभाऊ सर्वांत मोठ्याने. पुढच्या रविवारी ते नवा मुद्दा घेऊन यायचे.

लीलाबाई मूळच्या तळेगावच्या अलीकडच्या कान्हे गावच्या, शेतकरी हिंदू घरातल्या. नर्सिंग शिकायला तळेगावात गेल्या आणि तिथे स्वतःच्या मर्जीने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ रखमाजी बरीच वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. पुढे त्याच्या बायकोचं अडलेलं बाळंतपण लीलाबाईंच्या हातून सुखरूप झालं आणि माहेरचं दार पुन्हा उघडलं. त्यानंतर त्यांनी माहेरी कुणाला धर्मावरून एक शब्द ऐकवला नाही आणि स्वतःची प्रार्थनाही कधी चुकवली नाही. दोन्ही एकत्र जमवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

मग त्या विसरायला लागल्या. आधी गीतातलं दुसरं कडवं, मग गॅस बंद करणं, मग प्रार्थनेतले शब्द. एके दिवशी सोपानभाऊंना त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या वॉर्डातले?" बोलीही बदलली. इतक्या वर्षांची शहरी भाषा गळून गेली आणि खालची कान्ह्याची भाषा वर आली.

गेल्या पौषात सोपानभाऊ औषधं आणायला गेले असताना लीलाबाई घरातून निघाल्या, स्टेशनवर जाऊन पुण्याच्या लोकलमध्ये बसल्या आणि बरोबर कान्ह्याला उतरल्या. सोपानभाऊ गल्लोगल्ली शोधत असताना रखमाजीचा फोन आला.

"दाजी, घोर लावून घिऊ नगा. अक्का हितं हाय. भाकर खाल्ली पोटभर, आन् बायांसंगं देवीला गेलीया."

रखमाजीची सून मानसी हिने हौसेने फोटो स्टेटसला ठेवला: आमच्या आत्या घरी आल्या. फोटोत लीलाबाई देवीपुढे हात जोडून उभ्या होत्या, कपाळभर कुंकू, आणि चेहरा लहान मुलीसारखा खुललेला. संध्याकाळी सोपानभाऊंनी त्यांना घरी आणलं, तोवर तो फोटो मंडळीच्या ग्रुपवर पोचला होता.

मंडळीचा कारभार बघणारे आम्ही काही पंच आहोत, त्यांत आदिनाथ सर्वांत ज्येष्ठ. माणूस कडक, पण मनात काळं नाही. त्यांनी आमचे तरुण धर्मगुरू, पाळक प्रज्ञेश, यांना स्पष्ट सांगितलं, की येत्या रविवारी प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत वाटतात ती भाकर लीलाबाईंना देऊ नये. मग पाळकांनी आम्हा पंचांना बोलावलं, सोपानभाऊंनाही.

"त्यांचा दोष नाही, आजार आहे," आदिनाथ म्हणाले. "पण तारण विश्वासाने होतं, असं आपण शिकवतो. विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवतोय हे तरी माहीत हवं. ज्या बाईला येशूचं नाव आठवत नाही, जी दुसरीकडे हात जोडून आली, तिच्या तळहातावर भाकर ठेवायची, तर त्या भाकरीला अर्थ काय उरला?"

पाळक सोपानभाऊंकडे वळले. "भाऊ, तुमचंही मत नेहमी असंच होतं ना?"

सोपानभाऊ उभे राहिले. रात्र रात्र जागून त्यांचे डोळे आत गेले होते.

"माझं मत सगळ्यांना ठाऊक आहे. ते मी बदललेलं नाही. पण या वादाला दोन बाजू होत्या आणि दुसऱ्या बाजूला आता बोलता येत नाही. म्हणून आज तिची बाजू मी मांडतो. ती मांडायची तशी."

आणि त्यांनी ती मांडली. इतकी वर्षं जी बाजू ते खोडत आले होते, ती त्यांनी कुठेही लंगडी होऊ दिली नाही. आपली जुनी उत्तरं मध्ये घुसडली नाहीत.

"ती म्हणायची, देवाने मला आपली म्हटलं तेव्हा मी कान्ह्याच्या खाचरात भात लावत होते. येशूचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. माझी ओळख नसताना त्याने मला धरलं. मग माझी ओळख पुसली म्हणून तो मला सोडेल कसा? सुरुवात माझ्या आठवणीवर झाली नाही, तर शेवट माझ्या आठवणीवर का टांगायचा?"

"मग कुणी काहीही केलं तरी चालेल," आदिनाथ म्हणाले. "उद्या धडधाकट माणूस वाटेल तसा वागेल आणि म्हणेल, मला देवाने धरलंय."

"हे मीही तिला विचारायचो. ती म्हणायची, धडधाकट माणसाला देव कान धरून धरतो."

आदिनाथसुद्धा हसले. पण लगेच गंभीर झाले. "ही त्यांची बाजू झाली. तुमचं काय, सोपानभाऊ?"

"माझ्या मताने बघितलं तर ती हरवली. तिच्या मताने बघितलं तर ती हरवूच शकत नाही. खरं काय, मला कळत नाही. पण आम्हा दोघांत देवाची जास्त ओळख तिलाच होती. ते मला लग्नापासून ठाऊक आहे. वादात मी ते कधी कबूल केलं नाही, एवढंच."

ते खाली बसले. पाळकांनी मतासाठी हात वर करायला सांगितले नाहीत. "रविवारी मी भाकर घेऊन त्यांच्यापर्यंत जाईन," ते म्हणाले.

"मग त्या दिवशी मी भोजन घेणार नाही," आदिनाथ म्हणाले. आवाज चढला नव्हता.

रविवारी लीलाबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. चर्चही आता नवखं वाटून त्या बिचकतात म्हणून रखमाजी मुद्दाम कान्ह्याहून आला होता आणि टोपी हातात घेऊन दाराशी उभा होता. सगळे पुढे जाऊन भोजन घेऊन आले. आदिनाथ जागेवरच मान खाली घालून बसले होते. मग पाळक ताट घेऊन मागे गेले. मी पेटी हळू केली.

"ह्ये काय?" लीलाबाईंनी विचारलं.

"प्रभूची भाकर आहे, मावशी."

"कोन परभू? म्या न्हाई वळखत." त्यांनी हात पदरात ओढून घेतले.

सोपानभाऊंनी डोळे मिटले. पाळक लीलाबाईंसमोर उकिडवे बसले.

"तुम्ही नाही ओळखत. पण तो तुम्हाला ओळखतो."

"मला?"

"हो. तुम्ही लहान होतात तेव्हापासून."

लीलाबाईंनी जरा विचार केला. "रखमाजीची अक्का म्हनून?"

"हो. तीच."

"मंग दे की, बाबा," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

माझी बोटं पट्ट्यांवरच राहिली, सूर थांबला तरी मला कळलं नाही. दाराशी रखमाजी टोपीने डोळे पुसत होता.

बाहेर चहाच्या वेळी आदिनाथ सोपानभाऊंजवळ आले. "मला अजून पटलेलं नाही," ते म्हणाले.

"मलाही सगळं कुठे पटलंय?"

दोघे कप धरून उभे राहिले. मग आदिनाथांनी विचारलं, "तुम्ही झोपता कधी?"

"झोपत नाही. डोळा लागला की ती कडी काढून निघते."

दुसऱ्या दिवसापासून आदिनाथ रोज दुपारी त्यांच्या घरी जायला लागले. दाराला खुर्ची लावून बसतात आणि सोपानभाऊ आत झोपतात. पुढच्या महिन्यात आदिनाथांनी प्रभुभोजन घेतलं. मत बदललं का, हे कुणी विचारलं नाही.

परवा मी तिकडे गेले, तेव्हा आदिनाथ खुर्चीत बसून मटार सोलत होते. शेजारी लीलाबाई सोललेले दाणे पुन्हा सालींत मिसळत होत्या.

"रखमाजी, गुरांना पानी पाजलंस का?" त्यांनी आदिनाथांना विचारलं.

आमच्याकडे कुणी शास्त्रवचनाचा आकडा चुकवला, तरी आदिनाथ भर उपासनेत दुरुस्त करतात. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"पाजलं, अक्का," ते म्हणाले. "आता निवांत बस."

आतून सोपानभाऊंच्या घोरण्याचा आवाज येत होता. आदिनाथांनी ओठांवर बोट ठेवून मला खुणावलं आणि मटाराच्या थोड्या शेंगा माझ्याही पुढ्यात सरकवल्या.