क्लेटनच्या पिवळीची कैफियत

अहो, वर बघा, वर! बिअरच्या फ्रिजवर, छताला साखळीनं टांगलेली मी पिवळी मोटारसायकल बोलतेय. माझ्याखाली पाटी आहे: 'हिनं क्लेटनला दगा दिला.' ती वाचून ट्रकवाले हसतात आणि आणखी एकेक बिअर मागवतात. हसा बापड्यांनो!

जन्म माझा कारखान्यातला, पण मला घडवलं रोवेनानं. क्लेटन रडॉक म्हणजे वाळवंटातल्या शर्यतींचा चार वेळचा विजेता, आणि रोवेना त्याची थोरली बहीण. तिच्या पत्र्याच्या गॅरेजात तिनं माझा बोल्ट न् बोल्ट आवळला.

"रो, ही उडते की गं!" पहिल्याच फेरीला क्लेटन ओरडला होता.

"तू उडू नकोस म्हणजे झालं. हातपाय मोडून आलास तर आईला तोंड मी दाखवायचं!"

लाल मातीच्या टेकाडांवरून झेप घेताना त्याचे गुडघे माझ्या टाकीला घट्ट धरून असायचे. ते थरथरले की मला कळायचं, गडी घाबरलाय. मी कधी कुणाला कळू दिलं नाही.

डिंगो वेल इथली शर्यत दोन दिवसांची. एक दिवस जायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परतायचं. मुक्कामाला गाड्या कुंपणात ठेवतात, पेट्रोलचा कॉक बंद करून. सकाळी आधी कॉक, मग हेल्मेट, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. त्या वर्षी पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. पाचवं विजेतेपद अगदी हाताशी आलं होतं.

सकाळी क्लेटन सह्या देत, गप्पा मारत आला आणि थेट किक मारली. कॉक बंदच! कार्ब्युरेटरमधल्या घोटभर पेट्रोलवर मी सुटले, दोन टेकाडं ओलांडली आणि फुरफुरत थांबले. अरे, खाली हात घाल ना! पण हा किक मारतोय, शिव्या घालतोय, प्लग काढून पुसतोय. एकेक गाडी धूळ उडवत पुढे निघून गेली.

शेवटी त्याचा हात कॉकवर गेला आणि तो तसाच बसून राहिला. मग कॉक उघडला, किक मारली, आणि मी गरजले! म्हटलं, चल, नंबर गेला तर गेला, शर्यत तर पुरी करू.

इतक्यात टीव्हीवाल्यांचं हेलिकॉप्टर आलं. क्लेटननं वर पाहिलं आणि बटण दाबून मला बंद केलं. माईक समोर येताच म्हणाला, "इंजिन गेलं. गाडीनंच दगा दिला, काय करणार!"

दगा मी दिला? मी?

गॅरेजात रोवेनाच्या पहिल्याच किकला मी सुरू झाले. कॉक उघडाच होता, तिला बिचारीला काय कळणार? तिनं अख्खं इंजिन खोललं. काहीच सापडेना.

"माझ्याच हातून काहीतरी राहिलं असणार, क्लेट."

तो चहा ढवळत राहिला. "होतं गं असं कधीकधी."

गावानं तिच्याकडे गाड्या आणणं बंद केलं. गॅरेज मोडलं. आता ती शाळेची बस चालवते. क्लेटनला नवी गाडी मिळाली, पाचवं विजेतेपदही मिळालं. मला त्यानं या हॉटेलात टांगायला दिलं आणि पाटी स्वतःच्या हातानं रंगवली.

परवा दोघं इथं जेवायला आली होती. रोवेना माझ्याखाली येऊन उभी राहिली. "सॉरी हं पिवळे. तुझं वाटोळं मीच केलं."

क्लेटनच्या हातातला घास तोंडापाशीच थांबला. आता बोलेल. आता तरी बोलेल!

त्यानं ओठावरचा सॉस पुसला, उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, रो. मी तुला कधीच माफ केलंय."

तिचे डोळे भरून आले. "थँक्स, क्लेट," म्हणाली.

शाळा सुटली की तिची बस याच दारावरून जाते. थांबवा हो तिला कुणीतरी! सांगा, बाई, तुझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं.