तिघांचा पंखा

मिस्त्रीचे कान देवाने जरा जास्तच तिखट दिले होते. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याकडे पाठ करून बसलेला असायचा, समोर कुणाचा तरी कार्ब्युरेटर उघडा पडलेला, आणि लांब कुठे घरघर ऐकू आली की मान वर न करता सांगायचा, "एक प्लग मारत नाहीये. येईलच आता रडत." थोड्या वेळात खरंच एक होडी धक्क्याला लागायची आणि होडीवाला डोकं खाजवत आत यायचा. शेडच्या दुसऱ्या अर्ध्यात होड्या रंगवणारा रंगारी बसायचा. मिस्त्रीचा जुना दोस्त आणि तितकीच जुनी डोकेदुखी. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "याला बायकोची हाक शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही, पण इंजिनला पलीकडच्या काठावर ठसका लागला तरी कळतं."

मिस्त्रीची बायको वारली आणि रंगाऱ्याने ही चेष्टा बंद केली. चेष्टेला माणूस लागतं.

तेव्हापासून मिस्त्रीचे कान एकाच इंजिनाकडे लागलेले असायचे. त्याची एकुलती एक मुलगी पाण्यापलीकडे दिलेली होती. जावई वायरमन; कामासाठी रोज सकाळी होडीने या काठाला यायचा, संध्याकाळी परत. मुलीला मिस्त्री 'ठिणगी' म्हणायचा, कारण चालायला लागली तशी ती प्लगची निळी ठिणगी बघायला शेडमध्ये पळत यायची. पुढे तिने सगळं काम शिकून घेतलं. पाना कुठल्या मापाचा हे ती हातात न घेता सांगायची. आणि तीच ठिणगी आई गेली त्या दिवशी आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली, उठून गेली, ती पुन्हा आलीच नाही.

मिस्त्री स्वतः दोनदा जाऊन आला. दुसऱ्या वेळी तिने दार उघडलं आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही दिसलात की मागून आई येतेय असं वाटतं. आणि मग ती येत नाही." मिस्त्रीने नातीच्या हातात खाऊ ठेवला आणि आल्या पावली परतला. नंतर गेला नाही. जाऊन पोरीला रडवायचं, त्यापेक्षा आपण इथे झुरलेलं बरं, असा त्याचा हिशोब. वेडाच हिशोब, पण बापांचे हिशोब असेच असतात.

याच सुमारास जावयाने वापरलेलं पण चांगलं इंजिन घेतलं. पंखा अर्थातच सासऱ्याने बसवला. पंख्याचं गणित तसं सोपं आहे. लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा पाण्यात शिरतो. एका फेऱ्यात जितके इंच पुढे सरकेल ते त्याचं पिच. सायकलच्या गिअरसारखंच म्हणा ना. पिच कमी असेल तर ओझं मजेत ओढलं जातं, पण होडी हलकी असली तर नुसतेच फेरे वाढतात. पिच जास्त असेल तर हलकी होडी सुसाट पळते आणि ओझं चढलं की इंजिन कण्हायला लागतं. म्हणून मिस्त्रीचा नियम होता: होडीत रोज जितकं वजन बसतं तितकं बसवूनच पंखा ठरवायचा. त्या दिवशी त्याने होडीत वाळूच्या दोन गोण्या ठेवायला लावल्या, एक मोठी, एक लहान. जावयाला वाटलं, असेल काहीतरी पद्धत. तिघांच्या वजनावर होडी पळवून मिस्त्रीने नऊ इंच पिचचा पंखा कायम केला. रंगाऱ्याने गोण्यांकडे पाहिलं आणि पुन्हा ब्रश उचलला.

मग व्हायचं तेच झालं. पंधरवड्याच्या आत जावई तक्रार घेऊन आला.

"मामा, इंजिन नुसतं किंचाळतं. फेरे वाढतात, पण होडीला जोर नाही."

मिस्त्रीने प्लग काढून पाहिले. चांगले होते, तरी बदलले. कार्ब्युरेटर धुतला. केबल तपासली, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बघितली. आठवड्याने जावई पुन्हा हजर. मग मिस्त्री म्हणाला, पंख्याला दांड्यावर धरून ठेवणारं आतलं रबर घसरत असेल. रंगाऱ्याकडून ब्रश मागून पंख्याच्या बोंडावर, म्हणजे मधल्या गोल भागावर, आतून बाहेर अशी एक पांढरी रेघ ओढली. रबर घसरलं तर रेघ तुटेल. आणि बोलायला मिळालं म्हणून जावयावर तोंडसुखही घेतलं.

"तुम्ही अजून बटण दाबूनच इंजिन बंद करता. आतलं पेट्रोल तसंच राहतं आणि चिकट होतं. धक्का जवळ आला की पेट्रोलची नळी काढून घ्यायची, उरलंसुरलं जळू द्यायचं. किती वेळा सांगू?"

"मामा, मला नाही जमत ते. मध्येच बंद पडतं आणि वल्हं मारत बसावं लागतं. लोक हसतात."

"ठिणगीला विचारा. इंजिन शेवटचा श्वास सोडायला आणि होडी धक्क्याला टेकायला एकच गाठ पडायची तिची."

"तिला जमायचं," जावई म्हणाला, आणि दोघेही उगाच पाण्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी जावई होडी बांधून कामावर गेला. रंगाऱ्याने वाकून पंखा पाहिला. रेघ सरळच्या सरळ होती.

"मिस्त्री, रबर ठणठणीत आहे. सगळं इंजिन उघडलंस, एक पंखा सोडून."

"पंखा मी बसवलाय."

"म्हणून तर म्हणतोय! अरे, तिघांचा पंखा आहे तो, आणि पोरगा येतो एकटा. हे मला कळतं, मी साधा रंग फासणारा. तुला कळत नाही होय?"

"तू तुझे ब्रश धू."

"धुतो. पण झाकलेलं कोंबडं आरवायचं राहत नाही."

मिस्त्रीने हातातला पाना आपटला. मग बराच वेळ फडक्याने एकच नट पुसत बसला. शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "तो काढला की ती येणार नाही हे मीच ठरवल्यासारखं होईल रे. तो पंखा आहे तोवर होडीत तिची जागा आहे."

रंगाऱ्याला गलबलून आलं. पण खऱ्या दोस्ताला असल्या वेळी कडूच बोलावं लागतं.

"आणि नाही काढलास तर एखाद्या दिवशी भर पाण्यात इंजिन फाटेल. पोरगा एकटा असेल. मग ठिणगीने अजून कुणाची वाट बघत बसायचं?"

मिस्त्री उठला. पिन सरळ करून काढली, नट सोडला, नऊचा पंखा ओढून घेतला. दांड्याला ग्रीस लावलं आणि अकराचा चढवला. हाताने हे काम आयुष्यभर केलेलं. त्या दिवशी मात्र पिन दोनदा खाली पडली. काढलेला पंखा त्याने भंगारात टाकला नाही, समोरच्या खिळ्यावर टांगला. संध्याकाळी जावयाने होडी जरा पळवून पाहिली आणि खूश होऊन परत आला.

"झकास, मामा! काय केलंत?"

"पंखा बदलला. ठिणगीला सांगा, नऊ काढून अकरा घातला."

"एवढंच?"

"एवढंच. तिला कळेल."

खरं तर तिला काही कळवावं असं त्याच्या मनात नव्हतं. पंख्याबद्दल बोलायचं तर घरात ऐकणारी तीच होती, म्हणून सवयीने बोलून गेला. जावई गेल्यावर त्याला जाणवलं आपण काय सांगून बसलो, आणि त्याचा जीव चुटपुटला. पण सुटलेला शब्द आणि सुटलेली होडी, दोन्ही काठावरून ओरडून थांबत नाहीत.

पुढचे काही दिवस इंजिन सुरेल वाजत यायचं. हलक्या होडीचा, एकट्या माणसाचा आवाज. मिस्त्रीला तो आवाज सोसत नसे. इतकं बिनचूक चाललेलं इंजिन ऐकून कुणाच्या पोटात तुटलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. एका सकाळी आवाज जड आला म्हणून तो हातातलं काम टाकून धक्क्यावर धावला, तर होडीत कुणाच्या तरी बाथरूमच्या फरशा. जावई ओशाळला, मिस्त्री त्याहून जास्त. परत येऊन त्याने रंगाऱ्याला बजावलं, "आता उठलो तर पाय मोड माझे."

आणि मग एका सकाळी आवाज पुन्हा जड आला. इंजिन कण्हत होतं, फेरे चढत नव्हते, अकराच्या पंख्याला ओझं पेलवत नव्हतं. मिस्त्रीचा हात थांबला. पण तो उठला नाही.

"फरशाच असतील," रंगारी सांभाळून म्हणाला.

"फरशाच," मिस्त्री म्हणाला.

आवाज जवळ आला. धक्क्याजवळ इंजिन एकदम चढलं, दोनदा खोकलं आणि गप्प झालं. त्याच क्षणी लाकडावर लाकूड टेकल्याचा हलका आवाज आला.

"घ्या! पोराचं पेट्रोल संपलं वाटतं," म्हणत रंगारी दोरी घ्यायला उठला.

"थांब," मिस्त्री म्हणाला. "संपलेलं नाही. संपवलंय."

तो उठला खरा, पण दाराकडे जाईना. खिळ्यावरचा नऊचा पंखा काढायला गेला आणि खिळा दिसेना. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. हात नुसतेच भिंतीवर चाचपत राहिले. बाहेर एक लहान पोर "आजोबा, आजोबा" म्हणत फळ्यांवर धावत होतं, आणि त्याच्या मागून, वर्षभर शेडने न ऐकलेला, चिडका, ओला आवाज आला.

"बाबा! हा अकरा कुणी लावला? तीन माणसांच्या होडीला?"